पेशंटसोबत जवळचं माणूस हवं

ताईला साष्टांग नमस्कार.

(साष्टांगाच्या आठ अंगांत दृष्टी हेही एक अंग धरतात, असं तूच मला लहानपणी कान धरून शिकवलं होतंस. माझं ते अंग सध्या तपासणीत अडकलंय, तेव्हा उरलेल्या सात अंगांचा नमस्कार गोड मानून घे. भाऊजींनाही तेवढाच सांग. ते काही मोजत बसणार नाहीत.)

तुझी कंबर कशी आहे? शेक घेतेस, की शेकायची पिशवी पुन्हा मांजराला देऊन टाकलीस? भाऊजींची खालची कवळी आता बोचत नसावी. बोचत असेल तर त्यांनी ती शर्टाच्या खिशात घालून हिंडू नये, मला कळवावं. मागच्या खेपेला त्यांनी ती स्वतःच कानशीने घासली आणि वर मलाच ऐकवलं की तुझं माप चुकलं होतं. उभ्या गावाच्या तोंडात माझ्या कवळ्या सुखाने नांदतात, फक्त घरच्यांच्याच तोंडात त्यांना सासुरवास. मी ठीक आहे. ठीक म्हणजे नेमका कसा, ते पुढे येईलच. तुला पत्र शेवटाकडून वाचायची सवय आहे, ती या वेळेपुरती आवर आणि ओळीने वाच.

हे सगळं फोनवर का सांगितलं नाही, असं विचारशील. ताई, फोनवर मी पहिलं वाक्य पुरं करेपर्यंत तू निकाल देऊन मोकळी होतेस. मागच्या आठवड्यात मी 'डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो' एवढंच म्हणालो, तर तू 'चला, सुटलास एकदाचा त्या ढापणातून' म्हणून भाऊजींना हाका मारायला निघून गेलीस आणि फोन तसाच टेबलावर राहिला. मी बराच वेळ तुमच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या. पत्राला मधे तोडता येत नाही, म्हणून पत्र.

तर मुळापासून सांगतो. तुझ्या मैत्रिणीने, म्हणजे शिवणकाकूंनी, (बाईंचा शिवणाचा वर्ग नावालाच आहे, खरा धंदा माणसं जोडण्याचा, आणि त्यातही टाके थोडे सैलच पडतात) मला बेकरीतल्या बाईंना भेटायला धाडलं, ती तारीख तुला आठवत असेल. 'तो आलाच नाही' असं त्या बाईंनी काकूंना सांगितलं, काकूंनी तुला सांगितलं आणि तू मला जे सांगितलंस ते इथे पुन्हा लिहीत नाही. मी तेव्हाही म्हणत होतो की मी गेलो होतो. तुझा विश्वास बसला नाही. तुझंही बरोबर आहे, कारण मी गेलो होतो हे सिद्ध करू शकणारा एकच साक्षीदार होता आणि तो एक कोट होता.

झालं असं की तुम्हा दोघींची सक्त ताकीद होती: चष्मा घालून जायचं नाही. चष्मा काढला की तू पुष्कळ बरा दिसतोस, हे तू मला शाळेपासून सांगत आलीस. मला ते कधीच पडताळता आलेलं नाही, कारण चष्मा काढून आरशात पाहिलं की मला एक गव्हाळ रंगाचा ढग दिसतो आणि ढगात बरावाईट काय ओळखायचं. असो. चहाच्या दुकानात खिडकीजवळ बसायचं, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र धरायचं, बाई निळ्या कोटात असतील. मी चष्मा खिशात घातला आणि भिंत चाचपत खिडकीपाशी पोचलो. थोड्या वेळाने समोर भिंतीशी काहीतरी निळं उभं राहिलेलं दिसलं. मी मान लववली. निळ्याने काही केलं नाही. मला वाटलं, बाई संकोची आहेत, आपल्यासारख्याच. मग मी हसलो. मग जरा जास्त हसलो. वर्तमानपत्र थोडं उंच धरलं. शेजारच्या टेबलावर एक बाई वेटरला झापत होत्या, की हा पाव भट्टी नीट तापायच्या आधी आत ढकललाय आणि वरून लोणी लावून झाकलाय. (आता तू म्हणशील, भट्टीचं नाव कानावर पडूनही तुझ्या डोक्यात उजेड कसा पडला नाही? ताई, मी त्या वेळी निळ्या रंगाशी नजरानजर करण्यात पार गुंतलो होतो.) शेवटी धीर करून उठलो, जवळ गेलो आणि हात जोडून माझं काम-धाम सांगितलं. बरंचसं सांगून झाल्यावर वेटर म्हणाला, साहेब, खुंटी अडवू नका. तेव्हा मी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि मागे वळून न बघता घरी आलो.

याच्यावर तुम्हा दोघींनी जो उपाय काढला तो लेझर. चष्म्याचं मूळच उपटून टाकायचं. गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात फुकट तपासणीचा दिवस होता आणि तू परस्पर फोन करून माझं नाव घातलंस. आता त्या फोनबद्दल थोडं. दवाखान्यातल्या मुलीने तुला विचारलं की पेशंटचा नंबर गेल्या एक-दोन वर्षांत बदललाय का. तू छातीठोकपणे सांगितलंस की छे, छे, माणूस एकदम स्थिर, पहिल्यापासून एकच नंबर, बाकीचे लोक जरा स्वस्त मिळालं की बदलतात, आमचा भाऊ त्यातला नाही. त्या मुलीने कौतुकाने तसंच लिहून ठेवलं. ताई, ती चष्म्याचा नंबर विचारत होती. तू मोबाइलचा सांगितलास.

त्यामुळे मी दवाखान्यात पोचलो तेव्हा माझं स्वागत फार आदराने झालं. माझ्या वयाच्या माणसाचा एवढा मोठा नंबर आणि इतकी वर्षं तसूभर हललेला नाही, म्हणजे त्यांच्या लेखी मी आदर्श उमेदवार. (हा शब्द त्यांचाच. 'लेझरसाठी योग्य उमेदवार.' ऐकून मला उगाच घाम फुटला, कारण आजवर ज्या ज्या ठिकाणी मी उमेदवार होतो तिथला निकाल तुला ठाऊक आहे.) बसायच्या खोलीत भिंतभर एका बाईचं चित्र होतं. ती डोंगराच्या टोकावर हात पसरून उभी होती, चष्म्याशिवाय. माझ्या मनात आलं, बाईला कड्याची कड नीट दिसतेय ना? तिचे वरचे दात मात्र बनवलेले होते आणि बनवणाऱ्याने घाई केली होती.

मग यंत्रं. एका यंत्रात हनुवटी ठेवायची आणि कपाळ टेकायचं. आत एक लांबच लांब रस्ता दिसतो आणि रस्त्याच्या टोकाला एक मोठा रंगीत फुगा. तो आधी पुसट असतो, मग हळूहळू स्पष्ट होतो. तुला हसू येईल, पण मला तिथून उठावंसं वाटेना. लांबची एखादी गोष्ट आपल्यासाठी आपण होऊन स्पष्ट होतेय, असं माझ्या बाबतीत फार वेळा झालेलं नाही. दुसऱ्या यंत्राने डोळ्यात फुस्सकन हवा मारली आणि मी तंत्रज्ञ बाईंची माफी मागितली, का ते मलाच माहीत नाही. तिसऱ्या ठिकाणी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून बसवतात. डोळ्यात पाणी किती येतं ते त्यावरून कळतं. माझी पट्टी जवळजवळ कोरडीच निघाली. कामाच्या वेळी मेणातला दात कोरताना माझी पापणी लवत नाही, तीच सवय डोळ्यांना लागली म्हणे. थोडक्यात, ताई, मी रडण्याच्या परीक्षेतही काठावर.

डॉक्टरीणबाई वयाने तुझ्याएवढ्या, बोलणंही तुझ्यासारखं, फक्त समोरच्याला वाक्य पुरं करू देतात. त्यांनी लेझर कुणाला चालतं आणि कुणाला नाही ते नीट समजावलं. वय अठराच्या वर हवं, कारण वाढत्या वयात नंबरही वाढतो. तो निदान वर्षभर जागेवर थांबलेला हवा. बुबुळावरचा पडदा पुरेसा जाड हवा, कारण लेझर तोच घासून आकार देतं. (हे मला लगेच पटलं. पातळ कवळी घासायला घेतली की काय होतं ते भाऊजींना विचार.) डोळे फार कोरडे नकोत, डोळ्यांचं दुसरं दुखणं नको, पोटात मूल नको आणि अंगावर पाजणारी बाई नको. शेवटच्या दोन अटींत मी अगदी चोख बसलो. मग त्यांनी माझा चष्मा यंत्राखाली धरला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या की ही काच गेल्याच वर्षीची म्हणता, आणि आज मोजलेला नंबर तिच्याहून वाढलाय, मग तुमच्या ताई म्हणतात ते काय? तेव्हा मला तुझ्या फोनचा उलगडा झाला आणि तो त्यांना समजावून सांगताना माझी त्रेधा उडाली. बाई हसल्या नाहीत. फक्त एकदा खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी विचारलं, तुम्ही दिवसभर काय बघता? मी सांगितलं, दात. मग त्यांनी त्यांचा तो लोखंडी, जड चष्मा माझ्या नाकावर चढवला, त्यात एकेक काच सरकवली आणि म्हणाल्या की लेझर झाल्यावर तुम्हाला साधारण असं दिसेल, आता खिडकीबाहेर बघा. ताई, समोरच्या इमारतीवर कबूतर बसलं होतं आणि ते डोळा मिचकावताना मला दिसलं. मी म्हणालो, करून टाका, आत्ताच करा. त्या म्हणाल्या, थांबा, आता तुमचं काम बघा. माझ्या खिशात एक अर्धी झालेली कवळी होतीच (दुपारी एका आजोबांना दाखवायची होती), ती मी काढली. दाराशी उभी असलेली नर्स एक पाऊल मागे सरकली. मी कवळी नेहमीसारखी नाकापासून वीतभर अंतरावर धरली. आणि काही दिसेना. दात दिसत होते म्हण, पण कुठला दात कुठे संपतो, हिरडीची कड कुठे वळते, मी काल कोरलेली बारीक रेघ, सगळं लापशीसारखं. मी ती लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली. मला खरंच भीती वाटली.

मग बाईंनी सांगितलं ते मला जमेल तसं लिहितो. चाळिशी उलटली की सगळ्यांचंच जवळचं धूसर होतं. माझ्यासारख्या मोठ्या उण्या नंबरवाल्याला ते कळत नाही, कारण तो चष्मा कपाळावर सरकवतो आणि उघड्या डोळ्यांनी नाकाशी धरून बघतो. तिथे त्याला असं दिसतं की इतरांना भिंगातूनही दिसणार नाही. लेझर केलं की लांबचं येतं, पण हे जातं. मग जवळच्यासाठी वेगळा चष्मा लागतो. म्हणजे चष्मा जायचा आणि त्याच दारातून चष्मा यायचा. शिवाय डोळे कोरडे, नंबर अजून हलतोय. म्हणाल्या, उद्या पैसे घेऊन हे करून देणारी माणसं तुम्हाला भेटतील, पण तुमचं जवळचं फार चांगलं आहे, ते घालवू नका. मी मान डोलावली. इतकी वर्षं ज्या डोळ्यांना आपण सगळे अधू म्हणत आलो ते चांगले आहेत, असं मला कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं, आणि मघाशी कागदाची पट्टी कोरडी देणारा माणूस मी, पण तिथे मला रुमाल काढावा लागला. तपासणी परत करता का, असं विचारणार होतो.

तर मी नापास. काकूंना कळव.

पण पत्र इथे संपत नाही. डोळ्यांचा मागचा पडदाही बघून घेऊ म्हणून त्यांनी थेंब टाकले आणि बाहेर बाकावर बसवलं. त्या थेंबांनी डोळ्यातली बाहुली एवढी मोठी होते की उजेड सहन होत नाही आणि सगळं विरघळल्यासारखं दिसतं. बाकावर शेजारी आणखी एक बाई तसेच थेंब टाकून, डोळे मिटून बसल्या होत्या. डोळे मिटून बसलेली दोन माणसं फार लवकर बोलायला लागतात, हे मला नवीन कळलं. त्यांना चालतं म्हणे लेझर. वय छत्तीस, नंबर बरीच वर्षं जागचा हललेला नाही, पडदा जाड, डोळ्यात पाणी भरपूर. सगळ्यात पास. मी मनापासून अभिनंदन केलं आणि विचारलं की हौस म्हणून करताय का. त्या म्हणाल्या, हौस कसली, भट्टीचं दार उघडलं की वाफेने काचा पांढऱ्या होतात, त्या पुसेपर्यंत काही दिसत नाही आणि नुसत्या अंदाजाने काम करताना हात भाजतात. त्यांनी बाही वर केली असावी. मला काही दिसलं नाही, पण त्यांनी माझं बोट धरून एका व्रणावर टेकवलं, जसं आपण कुणाला खरचटलेलं दाखवतो तसं, आणि मग बहुधा आपण काय केलं ते लक्षात येऊन सोडून दिलं.

पुढचं तू ओळखलं असशील. मी ओळखलं नाही. त्या सांगत होत्या की त्यांच्या वहिनीने आणि एका शिवणाच्या बाईंनी मिळून त्यांना एका माणसाला भेटायला चष्म्याशिवाय पाठवलं होतं. त्या दुकानात बसून राहिल्या, उकडत होतं म्हणून कोट काढून खुंटीला लावला, वर्तमानपत्रवाल्या एका माणसाकडे बघत राहिल्या, पण तो कोपऱ्यातला माणूस कोडं सोडवून, बिल देऊन निघून गेला. आणि कळस म्हणजे एक वेडा मनुष्य येऊन त्यांच्या कोटाशी कवळ्यांबद्दल बोलत उभा राहिला. मी म्हणालो, अहो, वेडा नव्हता तो. त्या म्हणाल्या, तुम्हाला काय माहीत? मी खिशातून कवळी काढली आणि त्यांच्या हातात दिली.

ताई, ती इतकी हसली की नर्सने येऊन सांगितलं, थेंब बाहेर येतील. (मघापासून मी 'त्या' लिहीत होतो, आता 'ती' आलं. खोडत नाही, राहू दे.) मग तिने चष्मा काढून ती कवळी अगदी नाकाशी धरली, मी धरतो तशीच, आणि अंगठ्याने दाबून बघितली, पाव दाबतात तशी. विचारलं की सगळे दात सरळ, मग हा एकच जरासा तिरका का? त्या कवळीबद्दल हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरांनी तर तो तिरका दात चूक म्हणून परतच पाठवला होता. मी सांगितलं की त्या आजोबांचा तिथला दात जन्मभर तिरका होता, मी त्यांचा जुना फोटो बघितलाय, सरळ दात बसवला तर आजी म्हणेल हे कुणाला घरी आणलंय. तिने त्या तिरक्या दातावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, पावालाही वरून चीर देताना मी दर वेळी जराशी तिरकीच देते, नाहीतर तो यंत्रातून आल्यासारखा दिसतो.

उजेड उतरेपर्यंत आम्ही त्या बाकावर बसलो, कारण बाहेर पडलं की दोघांच्याही डोळ्यांना धारा लागत होत्या. दवाखान्याची मुलगी दोनदा येऊन गेली. तिला वाटलं आम्ही घरचेच आहोत.

आता तू विचारशील, मग अडलंय कुठे? सांगतो. दुसऱ्याच दिवशी शिवणकाकूंचा फोन. त्यांना तिच्या वहिनीकडून सगळी हकीकत कळली होती आणि त्यांचा हिशेब तयार होता: हिचं लेझर होऊ दे, चष्मा गेला की हिला एकदम चांगली स्थळं येतील, घाई करायचं कारण नाही, आणि तुझं मात्र जमणार नाही असं डॉक्टर म्हणाले, अरेरे. काकू वाईट नाहीत. कापड बघून बोलतात एवढंच. त्या म्हणतात त्यात चूक काय आहे? ती आता लांबचं बघू शकणार, आणि मी सोडाबाटलीची बुडं नाकावर घेऊन तिच्या शेजारी. दोन दिवसांनी ती बेकरीतून परस्पर माझ्या कामाच्या खोलीवर आली. वहिनी मोडता घालतेय, करू की नको, असं विचारायला. तिच्या हाताला नवीन फोड होता. क्षणभर, ताई, माझ्या मनात आलं की 'नको' म्हणावं. मी 'करा' म्हणालो. अगदी डॉक्टरीणबाईंसारखं नीट समजावून सांगितलं, की तुम्ही सगळ्या अटींत बसता, तुमच्या कामाला तेच योग्य आहे, आधीपासून डोळे चोळायची सवय सोडा, सर्जरीच्या दिवशी डोळ्यांना काजळ-बिजळ काही लावू नका. तिने सगळं ऐकून घेतलं, आणखी काही म्हणायचंय का, असं विचारलं. मी म्हणालो, थेंब वेळेवर घाला.

ती गेल्यावर मी समोरच्या मेणाच्या दातांकडे बघत बसलो. मला ती आवडली, ताई. फार आवडली. पण ज्या बाईचं सगळं आता स्पष्ट होणार आहे तिच्या मार्गात आपण धुकं होऊन उभं राहू नये, असं माझ्या मनाने घेतलंय. तेव्हा काकूंना कळव की आता माझ्यासाठी कुणाला शोधू नका. मला इथे काही कमी नाही. काम भरपूर आहे, शेजारी चांगले आहेत, आणि जगात दात पडायचे थांबलेले नाहीत. भाऊजींना नमस्कार सांग, स्वतःला जप, कमरेला शेक दे, आणि मांजरालाही मी विचारल्याचा निरोप सांग.

तुझा सगळ्यात नापास भाऊ,
ढापण्या

ता. क. भाऊजींची नवी वरची कवळी तयार होतेय. त्यांचा तो मधला जरासा फटीचा दात मी तसाच ठेवलाय. फट ठेवायची की बुजवायची ते तू सांग. त्यांना विचारू नकोस, ते बुजवा म्हणतील.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. तिची सर्जरी येत्या गुरुवारी ठरली आहे आणि त्यांचा नियम असा, की पेशंटसोबत जवळचं माणूस असल्याशिवाय आत घेत नाहीत. तिने माझं नाव दिलंय. फोनवरच्या मुलीने विचारलं, तुम्ही त्यांचे कोण? मी म्हणालो, त्यांनाच विचारा. ती म्हणाली, त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या की तुम्हालाच विचारा. मी तिला जरा धरून ठेवायला सांगितलं, खुर्चीत बसलो, पाणी प्यालो आणि मग म्हणालो, 'जवळचा'. एवढ्यावर तिने भागवून घेतलं, पण गुरुवारी पुन्हा विचारणार आहे.

तेव्हा ताई, आता खरं कारण लिहितो. वर पानंच्या पानं लिहिलं ते सगळं सोड. तू बुधवारी ये. सर्जरीनंतरची पहिली रात्र तिने झोपेत डोळे चोळू नयेत म्हणून कुणीतरी उशाशी हवं. तिचा भाऊ-वहिनी रुसून बसलेत आणि मी तिच्या घरी राहणं बरं दिसणार नाही. माणसाचे हात घट्ट धरून बसण्यात तुझा हात कुणी धरू शकणार नाही. गोवर झाला तेव्हा माझे तू आठवडाभर धरले होतेस. काकूंना काहीही कळवू नकोस. वरती दोन ठिकाणी कळव म्हटलंय, ते वाचलं नाहीस असं समज.

ता. क. तिसरं. ताईंना नमस्कार. अक्षर वेगळं दिसलं तर घाबरू नका, मी बेकरीतली. सकाळचा पाव द्यायला आले तर तुमचे भाऊ पाकीट पुन्हा उघडून त्याच्याकडे बघत बसले होते. मी मागितलं, यांनी दिलं, मी सगळं वाचलं. दवाखान्यात नातं सांगावं लागणार आणि हे गुरुवारपर्यंत काही बोलतील असं दिसेना, म्हणून मीच विचारून टाकलं. हे 'हो' म्हणाले. चष्मा पुसून पुन्हा घातला आणि मग म्हणाले, ताईला विचारून पक्कं सांगतो. तेव्हा आता तुम्हीच काय ते सांगा. पण लिहून पाठवू नका, बुधवारी या आणि तोंडीच सांगा, कारण गुरुवारनंतर थोडे दिवस मला वाचायला मनाई आहे, आणि यांच्या तोंडून ऐकायचं म्हटलं तर वर्ष जाईल.